पेंटाच्या खोलीतला एक शब्द

जयनगर, बंगळुरू
बुधवार, दुपार

प्रिय अक्षरा,

हातानं लिहिलेलं पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. अण्णा खाली झोपाळ्यावर बसलेत, अम्मा त्यांच्यासमोर वाल सोलते आहे, आणि मी वरच्या खोलीत खिडकीपाशी तिसरा कागद घेऊन बसले आहे. पहिले दोन फाडले. रविवारचा तुझा मेल मी नऊ-दहा वेळा वाचला असेन. तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक, सोमवारी अकरा वाजता कारखान्यातले श्रीकांत सर तो कागद घेऊन घरी येणार आहेत, त्यावर मी अण्णांची सही करून घ्यावी, कारण अण्णा माझं ऐकतात. चूक माझी होती एवढं लिहून द्यायचं, आठ महिने आधी निवृत्त व्हायचं, की अपघाताची चौकशी मिटली. तुझं म्हणणं, अण्णांनी उगाच ताठ राहून उरलेली तब्येत घालवू नये. आणि दुसरी गोष्ट तू मेलच्या शेवटी लिहिलीस, ‘तू होतीस म्हणून माझे अण्णा वाचले.’ पहिल्या गोष्टीचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. या दुसऱ्या वाक्यानं मला तीन दिवस धड जेवू दिलेलं नाही.

आधी बातम्या देते. अण्णांचा आवाज अजून घोगराच आहे. फोनवर तुझ्याशी बोलायच्या आधी ते कोमट पाणी पितात आणि घसा साफ करून घेतात, म्हणून तुला तो बरा वाटतो. जिन्याच्या सातव्या पायरीवर त्यांना थांबावं लागतं. डोळे मात्र ठीक आहेत, डॉक्टरांनी परवाच पुन्हा तपासले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत रोज जातात आणि परत आल्यावर, दम लागला नाही असं दाखवण्यासाठी, फाटकाशी उभे राहून शेजारच्यांच्या गाडीची विचारपूस करतात. गाडीवाल्यालाही आता कळून चुकलंय. अम्मानं परवा मला जिन्यात गाठून विचारलं, “खरं सांग मा, यांनी खरंच चूक केली का गं? सव्वीस वर्षं केलेलं काम आहे.” मी म्हटलं, दूध उतू जाईल, बघा. गॅसवर दूध नव्हतंच.

थांब, खोकतायत. जाऊन आले. पाणी दिलं. काय लिहिते आहेस म्हणून विचारत होते, तर मी ऑफिसचं काम म्हणाले. अर्ध्या दिवसाची रजा काढून ऑफिसचं काम करणारी मुलगी, यावर त्यांचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही.

अक्षरा, पुण्याला हॉस्टेलवर तू आलीस तेव्हा आम्ही तुझ्या मराठीला किती हसायचो ते आठवतं? तू ‘थोडं’ला ‘स्वल्प’ म्हणायचीस, प्रत्येक वाक्याला ‘की’ लावायचीस, आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ म्हणून मान हलवलीस की मी तुझी नक्कल करून सगळ्या मजल्याला दाखवायचे. तुमच्या घराण्यानं चारशे वर्षं तिकडे राहून मराठी टिकवली हे राहिलं बाजूला, आम्हाला काना-मात्रा मोजायची हौस. तू कधी रागावली नाहीस. उलट मला आनेकलच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तूच म्हणालीस, माझे अण्णा तिथेच आहेत, आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे, भाड्याचं नाव काढलंस तर बघ. पहिल्याच दिवशी अण्णांनी माझी बॅग वर नेली आणि नीलिमाची नीलम्मा करून टाकली. सकाळी सहाला कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून आम्ही मराठीत गप्पा मारत जायचो. अख्ख्या बसमध्ये आम्ही दोघंच मराठी. त्याचा मला फार आधार वाटायचा, आणि त्याच आधारावर मी चार वर्षं कन्नड शिकले नाही. कशाला शिकायचं, अण्णा आहेत ना. भाजीवाल्याशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी आणि अण्णांशी मराठी. असं माझं मस्त चाललं होतं.

तुला अण्णांचं काम नेमकं काय ते कधी नीट कळलंच नाही, कारण घरी ते ‘पावडरचं काम’ एवढंच सांगायचे. आमच्याकडे अँटिबायोटिक तयार करताना मधल्या एका टप्प्यावर फॉस्फरस पेंटाक्लोराइड लागतं. आम्ही सगळे त्याला पेंटा म्हणतो. शेवटच्या गोळीत त्याचा कणही राहत नाही, पण त्या टप्प्याला त्याच्याशिवाय पान हलत नाही. दिसायला पिवळट पांढरी भुकटी, आणि स्वभाव तू पुस्तकात वाचलेलाच, पाणी खपत नाही. नुसत्या दमट हवेतसुद्धा ते धुरायला लागतं. पाणी पडलं की भडकतं, उकळतं आणि त्यातून आम्लाचा पांढरा धूर निघतो, जो नाकातून आत गेला की आतली ओल शोधत फुप्फुसापर्यंत जातो. म्हणून त्याची खोली वेगळी, कोरडी. तिथली हवासुद्धा सुकवलेली असते. आत बाटली न्यायची नाही, ओले केस घेऊन जायचं नाही. नियमाच्या फलकावर हे सगळं आहे. फलकावर नसलेली एक गोष्ट अण्णा करायचे. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला आणि मानेला ते पालथा हात लावून बघायचे, जसं आई ताप बघते. घाम लागला तर परत पाठवायचे, मग तो मॅनेजर का असेना. श्रीकांत सरांना एकदा दहा मिनिटं पंख्याखाली उभं केलं होतं. त्या खोलीत सव्वीस वर्षांत कुणाला साधा चटका बसला नव्हता, तो त्या पालथ्या हातामुळे.

आता त्या दिवसाचं. तुला जे माहीत आहे ते असं. नऊ आठवड्यांपूर्वीचा गुरुवार, दुपारची पाळी. भांड्यात पेंटा भरताना ड्रममधली आतली पिशवी फाटली आणि चार-पाच किलो भुकटी जमिनीवर सांडली. खोलीत आम्ही दोघंच. अण्णांनी मास्क काढला, जो कुठल्याही परिस्थितीत काढायचा नसतो. मग त्यांनी मला ओलं पोतं टाकायला सांगितलं, जे पेंटावर कधीच टाकायचं नसतं. मी टाकलं. धूर झाला. मी त्यांना काखेत हात घालून बाहेर ओढलं आणि शॉवरखाली नेलं. अहवालात हेच आहे. ज्येष्ठ ऑपरेटरने मास्क काढला व चुकीची सूचना दिली, प्रशिक्षित सहकाऱ्याने प्रसंगावधान राखून प्राण वाचवले. प्रसंगावधानाबद्दल मला चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र मिळालं. ते माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे.

यातला शब्द न् शब्द मीच सांगितलेला आहे, त्याच संध्याकाळी, अण्णा आयसीयूत असताना. आणि तुझ्या गळ्याची शपथ, तेव्हा मला तो खरा वाटत होता. श्रीकांत सरांनी अण्णांचं नाव घेऊन विचारलं, संताजी काय म्हणाले? मी म्हटलं, “ओलं, ओलं” म्हणून ओरडले. सरांनी लिहून घेतलं, मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी उभी होते. रात्रभर हॉस्पिटलात बसून आले होते, डोकं बधिर. कचऱ्याची गाडी आली. तीच ती, रोजची, भोंग्यावर कन्नडमधून ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा सांगणारी. ‘हसी कस, ओण कस.’ माझ्या पहिल्या महिन्यात मी काय घोळ घातला होता ते अम्मानं तुला फोनवर रंगवून सांगितलं होतं बघ. ‘ओण’ म्हणजे ओला असं समजून मी भाज्यांची सालं सुक्या कचऱ्यात दिली होती, आणि गाडीवरच्या बाईनं ती माझ्याच पायाशी परत ओतली होती. अण्णा हसून हसून म्हणाले होते, “नीलम्मा, ओण म्हणजे वाळलेलं गं. ओण म्हणजे कोरडं.” त्यानंतर घरात आठवडाभर हाच विनोद चालला होता. त्या शुक्रवारी गाडी पुढे गेली आणि मी फाटक धरून तिथेच खाली बसले.

अक्षरा, अण्णा ‘ओण’ म्हणत होते. ओण मरळु. कोरडी वाळू. ती माझ्या मागेच झाकणाच्या पिंपात होती, याच कामासाठी ठेवलेली. नेमकं जे करायला हवं होतं तेच ते सांगत होते. पंख्याचा घरघराट, माझ्या कानांवर टोपी, तोंडावर मास्क. पहिल्यांदा ते मास्कमधूनच ओरडले. मला कळलं नाही, म्हणून मी हातानं ‘काय?’ अशी खूण केली. म्हणून, फक्त म्हणून, त्यांनी मास्क खाली ओढला, मला नीट ऐकू यावं म्हणून, आणि पुन्हा सांगितलं, “ओण, नीलम्मा, ओण!” माझ्या मराठी कानांना त्यातलं ‘ओलं’ ऐकू आलं. दाराबाहेरच, शेजारच्या विभागात, आगीसाठी ओल्या पोत्यांचं टाकं असतं. मी धावत जाऊन त्यातलं एक आणलं.

मला रसायनशास्त्र येत नव्हतं का? एमएस्सीला आपण शेजारी बसायचो, तुला माझ्या वहीतून उतरवून घ्यावं लागायचं. पेंटावर पाणी म्हणजे काय, हे मी नव्या मुलांना फळ्यावर शिकवते. तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं माहितेय? सव्वीस वर्षांचा माणूस ओलं म्हणतोय, म्हणजे धूर दाबायची काहीतरी युक्ती असेल, पुस्तकात नसलेली. स्वतःचं डोकं मी त्यांच्यावर सोपवलं, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकलंही नाही. पोतं पडल्यावर जो आवाज झाला तो मी तुला लिहून सांगू शकत नाही. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतो तसा, पण थांबतच नव्हता. अण्णांनी मास्क वर ओढायच्या आत धूर त्यांच्या तोंडावर आला होता.

यावर मी खूप विचार केला, दुसरं सुचतच नाही. चार वर्षं मी समजत होते की अण्णांची भाषा ती माझीच भाषा. बसमध्ये, जेवताना, टीव्हीसमोर ती होती. पण त्या खोलीत ते सव्वीस वर्षं कन्नडमध्ये वागले. कुणाला सावध केलं, कुणाला रागावले, कुणाला मागे ओढलं, सगळं कन्नडमध्ये. जीव मुठीत असताना माणूस कामाच्या भाषेत ओरडणार, घरच्या भाषेत नाही. आणि तुझ्या ‘स्वल्प’ला हसणारी मी, एक शब्द शिकू शकले नाही. शिकले होते, हे जास्त वाईट. शिकून विसरले होते.

एवढं कळल्यावर त्याच शुक्रवारी श्रीकांत सरांकडे जायला हवं होतं. निघालेही होते. रिक्षात बसून जयदेवच्या चौकापर्यंत गेले आणि रिक्षा हॉस्पिटलकडे वळवली. आधी अण्णा शुद्धीवर येऊ देत, म्हटलं. मग म्हटलं, नळी निघू दे. मग सर स्वतःच हॉस्पिटलात आले, माझा जबाब कन्नडमध्ये वाचून दाखवला आणि विचारलं, बरोबर आहे का? अण्णांना तेव्हा बोलता येत नव्हतं. ते ऐकत राहिले, माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी मान हलवली. बरोबर आहे. त्या एका मानेवर अहवाल उभा आहे.

सर गेल्यावर अण्णांनी खुणेनं पेन मागितलं आणि एका औषधाच्या चिठ्ठीमागे काहीतरी लिहिलं. तुमच्या घरची ती पद्धत तुला ठाऊकच आहे, मराठी पण अक्षरं कन्नड. मला एक अक्षर वाचता येईना. हर्षिता नावाची नर्स होती, तिला म्हटलं, वाचून दाखव. तिला अक्षरं येत होती, भाषा येत नव्हती. ती पोर पहिलीतल्या मुलासारखी एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचत गेली, आणि त्या खोलीत अर्थ फक्त मला कळत होता. “अक्षराला सांगू नको. माझं झालं आता. तुझं समदं पुढं आहे. ती कळल्यावर तुझ्याशी बोलणार नाही, आणि तिला दुसरी मैत्रीण नाही.” वाचून झाल्यावर हर्षितानं विचारलं, औषधाचं काही आहे का? मी हो म्हटलं.

म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे, अक्षरा. पहिल्यापासून. ते ताठ राहून सही टाळत नाहीयेत, तू चुकीचं समजली आहेस. ते केव्हाच सही करायला तयार आहेत. गेला आठवडाभर मीच तो कागद पुढे ढकलते आहे, कधी श्रीकांत सरांना सांगते ताप आहे, कधी सांगते वकिलाला दाखवायचाय. मिटवायचं म्हटलं तर आज मिटेल. आणि अण्णा सव्वीस वर्षांनंतर ‘चूक माझी’ म्हणून फाटकाबाहेर पडतील.

ते इथेच थांबत नाही. नव्या मुलांचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं. काल अकरा जण होते, एकदम कोरे, निम्मे आनेकलच्या आसपासचे. अपघातांच्या धड्यात आता एक नवीन चित्र घातलंय. त्यात नाव नाही, फक्त ‘ज्येष्ठ ऑपरेटर’. मी काठी घेऊन उभी राहिले आणि शिकवलं, की अनुभवी माणूससुद्धा घाबरला की चुकीची सूचना देतो, म्हणून सूचना आंधळेपणानं पाळू नका. मुलं लिहून घेत होती. एकानं विचारलं, “मॅडम, ते वाचले का?” मी म्हटलं, वाचले. तो म्हणाला, “मग त्यांना इथे बोलवा ना, तेच सांगतील.” मी तास दहा मिनिटं आधी संपवला आणि बाथरूममध्ये जाऊन हात धूत बसले. दर महिन्याला नवी मुलं येतात. दर महिन्याला मी तुझ्या वडिलांना असं उभं करणार.

आज सकाळी मी श्रीकांत सरांना सगळं सांगितलं. सर काही दुष्ट नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही खूप दमल्या आहात. संताजींनी स्वतः मान्य केलंय. आता उलटं लिहिलं तर तुमची नोकरी जाईल, वर कारखान्यानं एकाच भाषेत प्रशिक्षण का दिलं असं विचारतील, बाहेरचे लोक आत येतील. सोमवारपर्यंत विचार करा. आज तुम्ही इथे आलाच नव्हता असं मी समजतो.” आणि अक्षरा, त्यांच्या केबिनमधून बाहेर पडताना मला बरं वाटलं. हे तुला कळायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं, बसमध्ये डोळा लागला, नऊ आठवड्यांत पहिल्यांदा. जागी झाले आणि स्वतःची इतकी भीती वाटली की घरी येऊन आधी कागद शोधला. फोनवर तुला सांगितलं असतं तर उद्या मी म्हणाले असते, तू चुकीचं ऐकलंस. मेसेज तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. हे पुसता येणार नाही, हे माझ्या हातचं आहे, खाली माझी सही असेल. आता मी खाली जाऊन अण्णांशेजारून फाटकाबाहेर पडणार आणि पोस्ट बंद व्हायच्या आत हे रजिस्टर करणार. शनिवारपर्यंत तुला मिळेल आणि रविवारी निघालीस की तू सोमवारी सकाळी इथे पोचशील. माझ्याशी बोलू नकोस, मी तुझ्या जागी असते तर बोलले नसते. फक्त हे पत्र बरोबर आण. अकरा वाजता सर कागद काढतील. मी आपणहून तोंड उघडलं तर ठीक. पण मी गप्प बसले, आणि अक्षरा, मी गप्प बसण्याची शक्यता आहे, तर हे बाहेर काढ आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. अण्णांना आपली अक्षरं वाचता येत नाहीत, त्यांनाही ऐकू दे. ते हात वर करतील, तुला मधेच गप्प करायला बघतील. थांबू नकोस.

अजून तरी तुझीच,
नीलिमा